घडीची सायकल आणि गावचा फिटर

श्रोतेहो, आषाढीच्या वारीत पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात. तिथे मात्र वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि ज्ञानोबांची पालखी सासवडच्या रस्त्याला लागून दिवे घाट चढते. एक वाट सपाट, दुसरी चढाची. हा फरक वारकऱ्याच्या पायांना कळतो, तसाच सायकलवाल्याच्या मांड्यांनाही कळतो. जी सायकल लोणीकडे झपाझप पळते तीच दिवे घाटात हाताने ढकलावी लागते. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती या दोन वाटांना पुरेल अशी सायकल करण्याच्या खटपटीची आहे. त्यातही सायकल साधी नाही, घडीची. म्हणजे मधोमध दुमडून आगगाडीच्या बाकाखाली सारता येईल अशी.

तुम्ही म्हणाल, हे नवे फॅड दिसते! नवे मुळीच नाही. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या आकाराच्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी जोडलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आपण ज्या सायकलीवर वाढलो तिची ही आजी. त्यानंतर दहा वर्षे होतात न होतात तोच फ्रेंच सैन्यातला जेरार नावाचा एक अधिकारी, मोरेल नावाच्या कारखानदाराला हाताशी धरून, घडीची सायकल करवून घेऊ लागला. हेतू असा की, रस्ता असेल तिथे शिपायाने सायकलीवर बसावे आणि रस्ता संपला की सायकल पाठीवर घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धात हीच कल्पना पुन्हा वर आली. इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली हजारोंनी बनवल्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या खांद्यावरही त्या होत्या. या जातीची सायकल पाहायची असेल तर लांब जायला नको. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय आहे, तिथे ती पाहायला मिळते.

युद्ध संपले, पण कल्पना राहिली. १९६२ साली अ‍ॅलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनियराने लहान चाकांची सायकल काढली. तिला रबराचे धक्काशोषक होते. लहान चाकाची सायकल म्हणजे पोरांचे खेळणे, हा समज तिने मोडला. पुढे १९७६ च्या सुमारास अँड्र्यू रिची याने लंडनमधल्या आपल्या राहत्या घरात घडीच्या सायकलीचे पहिले नमुने तयार केले. खिडकीसमोरच्या ब्रॉम्प्टन ओरेटरी या चर्चवरून त्याने सायकलीला ‘ब्रॉम्प्टन’ हे नाव दिले. तिची चाके अवघी १६ इंची. तिच्या पोलादी नळ्या आजही कारागीर हाताने, पितळ वितळवून जोडतात, आणि जोडणारा आपली खूण तिच्यावर उठवतो. ही खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

आता इंग्लंडातून बेळगावला येऊ. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा व्यवहार होता. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि सावकाराची वस्तू. मोडली तर तिचा सुटा भाग मिळणार कुठून? विलायतेहून आगबोटीने येईपर्यंत बसून राहायचे, नाहीतर स्वतः घडवायचा. पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले, लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी सुरुवातीला म्हणत. पुढे त्याच शेतकऱ्यांनी तो नांगर महाराष्ट्रभर नेला.

या घराण्याची एक शाखा हडपसरला येते. १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीचा हवा दाबण्याच्या यंत्रांचा कारखाना हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. ऊस आणि भाजीपाल्याच्या या गावात लेथ फिरू लागले, टर्नर आणि फिटर राहायला आले. सायकलच्या दुकानातून कारखाना निघाला आणि त्या कारखान्यात कितीतरी कामगार सायकलीवरूनच कामाला आले! पाहा, चाक कसे फिरून जागेवर येते ते.

आता खऱ्या कामाला हात घालू. समजा, दौंडकडून आगगाडीने येणाऱ्या एका कामगाराने २० इंची चाकाची घडीची सायकल घेतली. चार दिवसांत तो कुरकुरतो, ‘पाय नुसते गरागरा फिरतात, सायकल काही पुढे सरकत नाही.’ याचे उत्तर पाचवी-सहावीच्या गणितात आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर फळ्यावर मांडावे. आपल्या नेहमीच्या सायकलीचे चाक २८ इंची, म्हणजे त्याचा घेर सुमारे ८८ इंच. पायडलाच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. तेच दाते २० इंची चाकाला लावले तर घेर ६३ इंचांचा, आणि एका फेऱ्यात अंतर पडते जेमतेम ३.९ मीटर. मग उपाय काय? पुढे ४८ दाते, मागे १४. गुणाकार करून पाहा. अंतर पुन्हा साडेपाच मीटरच्या घरात येते. गंमत अशी की ४४ आणि १८ मिळून ६२ होतात, ४८ आणि १४ मिळूनही ६२च. म्हणून साखळीची लांबीही जवळपास तीच पुरते.

ही झाली लोणीच्या सपाट वाटेची सोय. दिवे घाटाचे काय? तिथे मागे २८ दात्यांचे चक्र हवे, म्हणजे एका फेऱ्यात पावणेतीन मीटर अंतर आणि चढाला बळ. पण दोन्ही चक्रे एकाच सायकलीवर ठेवायची तर साखळी लांब लागते आणि ती ताणून धरणारा हात लागतो. लहान चाकाच्या सायकलीला हा हात जमिनीजवळ येतो आणि दगडाला ठेचतो. त्यापेक्षा गीअर चाकाच्या हबमध्येच लपवलेला बरा. तीन गीअरचे असे हब स्टर्मी-आर्चर या नावाने १९०२ पासून प्रसिद्ध आहे. मात्र ते आपल्या फ्रेममध्ये बसते की नाही हे आधी मोजावे. घडीच्या पुष्कळ सायकलींचा पुढचा चिमटा अरुंद असतो, नेहमीचे हब त्यात मावत नाही. मग लेथवर बुश आणि वाशर कातून घ्यावे लागतात. इथे हडपसरचा टर्नर उपयोगी पडतो.

पण श्रोतेहो, दात्यांची चूक झाली तर फार तर पाय दुखतील. फ्रेमची चूक झाली तर माणूस जीवानिशी जाईल. साध्या सायकलीची फ्रेम त्रिकोणांची असते. त्रिकोण सहसा वाकत नाही, हे घराच्या कैचीवरून गावच्या सुताराला ठाऊक आहे. घडीच्या सायकलीत तो त्रिकोण मोडून एकच जाड नळी टाकलेली असते आणि तिच्या मधोमध बिजागरी. स्वाराचे वजन आणि खड्ड्याचा हादरा यांचा मोठा भाग त्या बिजागरीला सोसावा लागतो. म्हणून तिच्याजवळ बाटली अडकवायला भोक पाडू नये. कॅरियरसाठी तिथे पट्टी डागू नये. पोलादी नळी जाणत्या हाताने पितळेने जोडता येते. अल्युमिनियमची नळी तापवली तर तिची कसावट जाते आणि वरून काही दिसत नाही. महिन्यातून एकदा बिजागरी फडक्याने पुसून उजेडात पाहावी. केसासारखी रेघ दिसली, तर ती सायकल त्या दिवसापासून रस्त्यावर आणू नये, मग दुरुस्तीवाला कितीही म्हणो, ‘काही होत नाही, चालू द्या.’

आता ती खूण आठवा. विलायतेतला कारागीर आपल्या सांध्यावर खूण उठवतो, कारण त्या सांध्याची जबाबदारी तो घेतो. आपल्याकडचा फिटर खूण उठवत नाही. पण गाव त्याला नावाने ओळखते आणि पोर त्याच्याच भरवशावर सायकल उतारावर सोडते. ही खूण लोखंडावरच्या खुणेपेक्षा कमी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या दुकानात सुट्या भागासाठी वाट पाहण्याचे दिवस होते. आता भाग घरपोच येतात. परंतु तो कुठे चालेल, कुठे नाही, हे सांगणारे डोळे घरपोच येत नाहीत. ते शाळेत आणि दुकानात तयार करावे लागतात.

तेव्हा उद्या वर्गात एक सायकल उलटी उभी करा. मुलांना दाते मोजू द्या. पायडलाचा एक फेरा, चाकाचे किती फेरे, हे खडूची खूण करून पाहू द्या. त्यातलाच एखादा उद्या हडपसरच्या लेथवर उभा राहील आणि दुसऱ्याच्या सायकलीची बिजागरी तपासताना, ती आपल्याच घरची आहे असे समजून तपासील.