हजेरी आणि मस्टर

माणदेशात शाळा आधी आली का दुष्काळ, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. दुष्काळ आमच्या आज्या-पणज्याच्याही आधीचा. राजेवाडीचा एवढा थोरला तलाव इंग्रजांनी बांधला, तोही दुष्काळी कामातनंच. शाळा त्या मानानं कालची.

आमचं गाव आटपाडी आणि माण या दोन तालुक्यांच्या शिवेवर. आज आम्ही सांगली जिल्ह्यात आणि ओढा ओलांडला की सातारा. पूर्वी अलीकडं औंध संस्थान आणि पलीकडं इंग्रजांचा मुलूख होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे भोक्ते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले होते. मास्तरांनाही सुटका नव्हती. १९३९ साली याच राजानं कारभार रयतेच्या हाती सोपवला. पलीकडं, इंग्रजी मुलखात, कर्मवीर भाऊराव पाटलांचं काम चाललं होतं. १९१९ साली कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, पुढं ती साताऱ्याला नेली. जिथं सरकारची शाळा पोचत नाही अशा वाड्यावस्त्यांवर त्यांनी व्हॉलंटरी शाळा चालवल्या. गावानं देऊळ नाही तर चावडी द्यायची, मास्तरच्या भाकरीचं बघायचं आणि संस्थेनं मास्तर द्यायचा. अशा ५७८ शाळा झाल्या. ओढ्यापलीकडच्या वाडीत मारुतीच्या देवळात अशीच एक शाळा भरायची, असं आमचा आजा सांगायचा. त्याला लिहायला येत नव्हतं, पण देवळात पाढे चालले की हा बांधावरनं ऐकायचा आणि तेराचा पाढा म्हणून दाखवायचा.

१९४८ ला संस्थान विलीन झालं. १९४९ ला साताऱ्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली नाव मिळालं. १९६२ ला जिल्हा परिषद आली. शाळेची एक भिंत हलली नाही, पण पाटी मात्र प्रत्येक वेळी नवी रंगवली. शेवटी पाटीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' आलं आणि ते राहिलं.

ही जुनी इमारत पाडून नव्या खोल्या बांधायच्या ठरल्या तेव्हा लोखंडी कपाट हलवायला चार माणसं बोलावली, त्यात मी होतो. कपाटात जनरल रजिस्टर, लॉगबुक, शेरेबुक आणि हजेऱ्यांचे गठ्ठे. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. शाळेच्या रजिस्टराला लोक कागद समजतात. साताऱ्याला राजवाड्यातल्या हायस्कुलात, ज्याला आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथं ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ नंबरवर 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव चढलं. ते रजिस्टर कुणी रद्दीत घातलं असतं तर? आता ती तारीख राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या रजिस्टरात तसं मोठं नाव नाही. पण मी हेडमास्तरांना सांगून एक गठ्ठा घरी वाचायला आणला. १९७२-७३ सालचा. मी त्या वर्षी सातवीत होतो.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्याआधीची दोन वर्षंही कोरडीच होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा हजेरीत लाल शाईचे 'गै' सुरू झाले. डिसेंबरात ओळीच्या ओळी लाल आहेत. मुलं कुठं गेली हे हजेरीत लिहिलेलं नाही, ते मी सांगतो. मुलं पाझर तलावाच्या कामावर गेली.

सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामावर होती. मागेल त्याला काम द्यावं, ही कल्पना वि. स. पागे यांची. तेही आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांनी आधी आपल्या भागात ती करून बघितली आणि पुढं तिचीच रोजगार हमी योजना झाली. कामावर दिवसाला दोन-अडीच रुपये पडायचे. सोबत सुकडी. रेशनला तांबडा मिलो, त्याची भाकरी थापताना आई रोज त्या मिलोला आणि अमेरिकेला एकदमच शिव्या घालायची. पण त्यावरच आम्ही जगलो, हेही खरं.

मस्टरवर पोरांची नावं नव्हती. पण आईबाप कामावर गेल्यावर घरात राहायचं कुणी? मोठी पोरं पाट्या उचलायला आणि पोरी तान्ही भावंडं सांभाळायला, अशी वाटणी झाली. शाळेच्या पटावरची निम्मी मुलं तलावाच्या भरावावर दिसायची.

आमचे हेडगुरुजी औंधच्या शाळेत शिकलेले. नमस्काराचा नियम त्यांनी संस्थान गेल्यावरही सोडला नव्हता. पहाटेच्या थंडीत पटांगणात आम्ही बारा-बारा घालायचो. त्या डिसेंबरात एक पोरगा नमस्कार घालता घालता तिथंच बसला. गुरुजींनी विचारलं, "काय खाल्लंस रं रात्री?" पोरगं काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून नमस्कार बंद. लॉगबुकात एवढंच आहे: 'शारीरिक शिक्षणाच्या तासाला बैठे खेळ घेतले.'

मग गुरुजी रोज संध्याकाळी घरोघर फिरायला लागले. आमच्या शेजारी एक काकू होत्या, त्यांची थोरली माझ्याच वर्गात. हुशार. गणितात मला मागं टाकायची. ती दिवाळीपासून शाळेत नव्हती. काकूंनी गुरुजींना सरळ सांगितलं, "गुर्जी, ल्हान पोरगं वरसाचं हाय. ही साळंत गेली तर त्याला कुणाच्या वटीत टाकू? तुमच्या?"

गुरुजी म्हणाले, "टाका. घेऊन येऊ द्या तिला शाळेत."

असं ते सुरू झालं. पोरी कडेवर भावंडं घेऊन वर्गात यायला लागल्या. ओसरीच्या वाशाला लुगड्याच्या झोळ्या बांधल्या. एक पोरगी झोका द्यायची, बाकीच्या गणितं सोडवायच्या, पाळीपाळीनं. शाळेची वेळही गुरुजींनी बदलली. सकाळची शाळा एरवी मार्चात सुरू होते, त्यांनी जानेवारीतच सुरू केली, म्हणजे अकरानंतर मोठ्या पोरांना कामावर जाता यावं. याला वरची लेखी परवानगी नव्हती. दुसरे एक गुरुजी होते, ते घाबरट. रोज म्हणायचे, दिपोटी आले तर आपलं काही खरं नाही. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यात. आता ३ जानेवारीला प्रत्येक शाळेत त्यांच्या फोटोला हार घालतात, भाषणं होतात. त्या साली कुणी हार घातला नाही. पण त्याच आठवड्यात हजेरीतल्या पोरींच्या ओळी पुन्हा निळ्या होत गेलेल्या मी आता बघतो.

त्या सत्राचं खरं काम मात्र घनफळाचं.

सातवीच्या गणितात लांबी, रुंदी, खोली गुणून घनफळ काढायचा धडा होता. फळ्यावर गुरुजींनी पेटी काढली. कुणाच्या डोक्यात शिरेना. गुरुजींनी खडू ठेवला आणि म्हणाले, उद्या टेप घेऊन तलावावर. तिथं मातीकाम चौकडीवर मोजायचे. टोळीनं चौकडी खणायची, मधी एक मातीचा खुंट तसाच ठेवायचा, त्यावरनं खोली कळते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सरकारी माप मीटरचं झालं होतं, पण कामावरची माणसं ब्रासच बोलायची. आम्ही टेप धरला. माझ्या बापाच्या टोळीची चौकडी बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दीड फूट खोल. काकूंच्या थोरलीनं पाटीवर गुणाकार करून मोठ्यानं वाचलं, "एकशे ऐंशी. म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश ब्रास."

माझा बाप म्हणाला, "आमची तर काल दीड धरली."

सगळे गप्प. मोजमाप घेणारा कारकून तिथंच छत्रीखाली बसला होता. गुरुजींनी त्याला काही दोष दिला नाही. फक्त म्हणाले, "साहेब, पोरांचं गणित चुकलंय का बघा जरा. चुकलं असलं तर मला शिकवायचं सुधारता येईल." आता याला काय म्हणणार? कारकुनानं टेप धरला. पोरीचं उत्तर बरोबर निघालं. त्या दिवशी आणि त्यानंतर आठवडाभर आम्ही सात-आठ टोळ्यांच्या चौकड्या मोजल्या. काहींचं माप बरोबर होतं, काहींचं कमी धरलेलं. दोन चौकड्यांचं तर जास्तच धरलेलं निघालं. तेही आम्ही वाचून दाखवलं म्हणून एक टोळी आमच्यावर रुसली. पण मापं त्यानंतर नीट पडायला लागली. ज्या बाया पोरींना शाळेला पाठवत नव्हत्या, त्याच पगाराच्या दिवशी पोरींना म्हणायच्या, "ये गं बाय, मस्टरवर माझ्या नावाम्होरं काय लिवलंय वाच, मग अंगठा करतो."

लॉगबुकात या सगळ्याची एक ओळ: 'इ. ७ वी, घनफळ, प्रात्यक्षिक घेतले.'

स्नेहसंमेलनाला पैसा नव्हता. औंधला यमाईच्या डोंगरावर आणि राजेसाहेबांचं चित्रांचं म्युझियम बघायला सहल न्यायची ठरली होती, तीही रद्द झाली. ते म्युझियम मी पुढं चाळिशीत, बैल विकायला गेलो होतो तेव्हा बघितलं. मग २६ जानेवारीला झेंडा झाल्यावर गुरुजींनी शाळाच तलावावर नेली. भरावाची माती हेच स्टेज. मुकादमानं अर्धा तास काम थांबवू दिलं. एक पोवाडा, एक नाटुकलं, आणि पहिलीच्या पोरांनी पाढे म्हटले. हजारभर माणसं पाट्या उलट्या टाकून त्यावर बसली होती. आपलं पोरगं दिसलं की बाया डोळ्याला पदर लावत होत्या, आणि त्यात माती होती, त्यामुळं खरं रडू किती आणि डोळ्यात गेलेली माती किती ते सांगता येणार नाही.

केंद्राच्या कबड्डीत आमची शाळा त्या वर्षी पहिली आली. आदल्या दोन्ही वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो होतो. समोरच्या शाळेचे गुरुजी विचारत होते, पोरांना काय खायला घालता हो? पोरं दोन महिने मातीच्या पाट्या उचलत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ढाल मिळाली. आमच्यात मात्र आठवण राहिली ती त्या शाळेतल्या उप्पिटाची. दुसऱ्यांदा वाढलं होतं.

फेब्रुवारीत दिपोटी आले. न कळवता, सायकलवर. ओसरीत तीन झोळ्या हलत होत्या, एकात पोर रडत होतं. दुसऱ्या गुरुजींच्या हातातला खडू पडला. साहेबांनी सगळ्या हजेऱ्या मागवल्या आणि मुंड्या मोजल्या. पटावरच्या आकड्याशी ताळा केला. सातवीला तोंडी गणितं घातली. मग पाणी मागितलं. रांजणात तळाला गढूळ होतं, तेच प्याले. जाताना झोळीतल्या पोराकडं बघून विचारलं, "याचं नाव कुठल्या इयत्तेत?" आम्ही हसलो, गुरुजी हसले नाहीत.

तो शेरा आता माझ्यासमोर आहे. उपस्थिती समाधानकारक, गणिताची तयारी चांगली, रांजणाला झाकण करावे. शाळेच्या बदललेल्या वेळेबद्दल एक शब्द नाही. झोळ्यांबद्दलही नाही. सरकारी माणूस काय लिहितो त्यापेक्षा काय लिहीत नाही यावर त्याची पारख करावी, असं मला तो कागद वाचल्यापासून वाटतं.

स्कॉलरशिपला सातवीतनं आम्ही चौघं बसलो. एस.टी.चे पैसे गुरुजींनी भरले. कुणालाच मिळाली नाही. पुढं गावातल्या पोरांना मिळाली, पण त्या साली नाही. वार्षिक परीक्षेला मात्र सातवीचा वर्ग सगळा बसला आणि पास झाला, दुष्काळात. आसपासच्या काही शाळांत सातवीच्या बाकावर बसायला पोरं उरली नव्हती.

मी जूनमध्ये हायस्कुलात गेलो. दहावीच्या मॅट्रिकची पहिली तुकडी १९७५ ची, मी त्यानंतरच्या साली बसलो. मग नांगर धरला. काकूंची थोरली गेली नाही. हायस्कूल लांब, आणि धाकटा अजून कडेवरच होता. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, ओढ्यापलीकडं, सातारा जिल्ह्यात. देशात अंगणवाड्या १९७५ ला सुरू झाल्या होत्या. त्या वाडीत यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. सेविका पाहिजे होती आणि सातवी पास झालेली बाई त्या वाडीत दुसरी नव्हती. ती दाखला न्यायला माहेरी आली. गुरुजींची तोवर बदली होऊन गेली होती. नव्या हेडमास्तरांनी कपाट उघडून रजिस्टर काढलं. तिनंच आपला नंबर सांगितला, तोंडपाठ होता. 'इयत्ता ७ वी उत्तीर्ण' याच्यापुढं शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना आहे. इतर पोरींच्या पुढं तिथं 'घरकाम' आहे. तिच्या पुढं गुरुजींनी रकाना कोराच ठेवला होता. हेडमास्तरांनी विचारलं, इथं काय लिहू? ती म्हणाली, काही लिहू नका, शिक्का मारा. त्यांनी शिक्का मारला.