पुढचे शॉकअप

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपवरून आमच्या घरात जे रण माजले, तेवढे मतभेद माढ्याचा किल्ला बांधताना रावरंभा निंबाळकरांनाही सोसावे लागले नसतील. रावरंभांना एक सोय होती. ते घोड्यावर बसत. घोड्याच्या पुढच्या पायांतले शॉकअप देवाने कारखान्यातच बसवून पाठवलेले असतात, आणि ते बदलून घ्या म्हणून कोणी मेस्त्री मागे लागत नाही. आमच्याकडे घोडा नाही. आमच्याकडे अण्णांची राजदूत आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्त प्राथमिक शिक्षक. 1979 साली त्यांनी ही गाडी एका कंत्राटदाराकडून जुनी विकत घेतली आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरातली थोरली लेक झाली. माझा नंबर दोन वर्षांनी लागला, तो अजून दुसराच आहे. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांच्या कंबरेचे दोन मणके एकमेकांशी बोलेनासे झालेत. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "गचके बंद!" पण कुर्डुवाडीला अण्णांचे एक जुने मित्र आहेत, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि गेले वर्षभर अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी त्यांना भेटायला जायचे आणि तेही राजदूतवरूनच, हा अण्णांचा नेम. मी पुढे, ते मागे. एकदा मी रिक्षाचे सुचवून पाहिले. अण्णा म्हणाले, "रिक्षातून उतरलो तर त्याला वाटेल, मीही आता कामातून गेलो."

यावर आमच्या मेस्त्रींनी तोडगा काढला. "साहेब, हा जुना झुल्याचा चिमटा काढून टाकू की! नव्या गाडीचे टेलिस्कोपिक शॉकअप बसवू. एकदम अपग्रेड!" खर्च साडेनऊ हजार. शिवाय कोनसेट, चाकाचा आस आणि पुढचा ब्रेक हीही मंडळी बदलावी लागणार होती. आमच्या शाखेत 'अपग्रेड' हा शब्द उच्चारला की जुने कर्मचारी आधी रजेचा अर्ज लिहून ठेवतात. मी मात्र वडिलांच्या कंबरेसाठी साडेनऊ हजारांवर उदक सोडायला तयार होतो.

अण्णांनी बेत ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढणे हे छडी उचलण्याचे निवृत्तीनंतरचे रूप. "दुखते माझी कंबर आणि ऑपरेशन गाडीचे?" त्यांनी विचारले. "नवीन ते चांगले, हे तुला कोणी सांगितले? आधी अभ्यास कर."

मी बी. कॉम. माणूस. आयुष्यात घसारा तेवढा नीट शिकलो. तरी अण्णांनी अभ्यास दिला की तो करायचा, ही जुनी सवय. म्हणून मोटारसायकलच्या पुढच्या चिमट्याचा इतिहास वाचायला बसलो आणि वाचता वाचता मेस्त्रींच्या नऊ हजारांचे पाय लटपटू लागले.

प्रारंभी मोटारसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकल. पुढचा चिमटा सायकलसारखाच ताठ, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट स्वाराच्या दातांपर्यंत पोचे. मग सांध्यांवर हलणारा आणि मध्ये एक स्प्रिंग असलेला 'गर्डर' चिमटा आला. इंग्लंडमधल्या स्कॉट कंपनीने 1908 सालीच नळीत नळी सरकणारा चिमटा काढला होता, परंतु त्यात तेलाची भानगड नव्हती. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एन्फिल्डने 125 सीसीची एक चिमुकली गाडी काढली, 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडती पिसू. ती पिंजऱ्यात घालून पॅराशूटने विमानातून खाली सोडत. या गाडीच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी चक्क रबराचे पट्टे होते! आमच्याकडे पोरे गलोलीला लावतात त्याच जातीचे.

पॅराशूटवरून आठवले. गचके कमी करण्याच्या विद्येत आमचा माढा तालुका अगदीच मागे नाही. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. ती उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने एकेका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही असा नियम केला आणि हलक्या रुळांवरून गाडी नीट चालवून दाखवली. याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले. माणसाने जमिनीवर हळू टेकावे ही कळकळ त्याला कुर्डुवाडीच्या मुक्कामात सुचली, असे म्हणायला मला कागदोपत्री आधार नाही. पण त्या काळी माढा ते कुर्डुवाडी बैलगाडीने गेलेल्या कोणालाही ती सुचली असती.

असो. खरी क्रांती झाली 1935 साली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर 12 आणि आर 17 या गाड्यांना तेल भरलेला टेलिस्कोपिक चिमटा बसवला. त्यातली गंमत मला बँकेच्या भाषेतच कळली. नुसती स्प्रिंग म्हणजे उधारी. खड्ड्याचा धक्का ती घेते, पण ठेवून घेत नाही, लगेच परत करते. मग गाडी घेणे-देणे करीत फर्लांगभर डुलत राहते. तेलाचे तसे नाही. स्प्रिंग दबली-सुटली की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. त्या घुसमटीत धक्क्याचा जोर खर्ची पडतो आणि त्याची किंचित उष्णता होऊन हवेत जाते. थोडक्यात, तेल ते कर्ज बुडीत खात्यात टाकून मोकळे होते. मॅचलेस कंपनीने 1941 मध्ये लष्करी गाड्यांना असाच चिमटा दिला आणि युद्धानंतर बहुतेकांनी तोच मार्ग धरला.

इथवर मेस्त्री जिंकत होते. पण पुढचे पान उलटले आणि अण्णा हसले. 1950 च्या दशकाच्या आरंभी अर्नी अर्ल्स नावाच्या इंग्रजाने वेगळाच चिमटा काढला. चाकाच्या मागे खिळलेला एक झुला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन शॉकअप. टेलिस्कोपिकची गाडी ब्रेक दाबला की नाक खाली घालून नमस्कार करते. अर्ल्सची गाडी करीत नाही, उलट नाक किंचित वर उचलते. वजन जास्त आणि हँडल जड, हे तिचे दोष. तरीही ज्या बीएमडब्ल्यूने टेलिस्कोपिक जगाला दिला, तिनेच 1955 मध्ये तो काढून अर्ल्सचा झुला बसवला! 1969 पर्यंत तो ठेवला आणि मग पुन्हा टेलिस्कोपिककडे वळली. म्हणजे चौदा वर्षे जुन्या वस्तूलाच 'अपग्रेड' म्हणत होते आणि नंतर तिच्याहूनही जुनीला.

आणि आमची राजदूत? एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी मुळात पोलंडच्या एसएचएल एम 11 वरून घेतलेली. तिच्या पुढे तोच अर्ल्सच्या जातीचा झुला! मैसूरची जावा टेलिस्कोपिकवर ऐटीत उभी असताना दूधवाले, मास्तर आणि शेतकरी या झुल्यावर कॅन, वह्या आणि पेंडीची पोती घेऊन फिरत होते.

हे सारे मी अण्णांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू जन्मलास त्याच्या आदल्या रात्री तुझ्या आईला कुर्डुवाडीच्या दवाखान्यात कशावरून नेले, ठाऊक आहे? एसटी गेलेली. बैलगाडीत बसायला ती तयार नव्हती. या चिमट्यावरून नेले, पहिल्या गिअरमध्ये, दीड तास. तुला काही लागले का?"

मी डोके चाचपून पाहिले. लागले असावे असे आमच्या मॅनेजरसाहेबांचे मत पडेल, पण ते मी बोललो नाही. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "त्याला नाही लागले. मला लागले. पण मला कोण विचारतो?"

शेवटी तडजोड झाली. चिमटा तोच राहिला. झिजलेले बुश बदलले, दोन्ही शॉकअप नवे घातले आणि मागच्या सीटवर आईने शिवलेली कापसाची गादी बांधली. बिल झाले दोन हजार तीनशे चाळीस. मेस्त्रींना थोडे वाईट वाटले. पण चाचणीला म्हणून गाडी घेऊन गेले ते अर्ध्या तासाने परतले, आणि इंजिन बंद केल्यावरही जरा वेळ सीटवरच बसून राहिले.

रविवारी आम्ही कुर्डुवाडीला निघालो. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची जी दशा केली आहे ती सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक खड्ड्याला मी खांद्यावरून विचारी, "अण्णा, लागले का?" आणि मागून उत्तर येई, "पुढे बघ." मित्राने पलंगावरून खिडकीतून गाडीचा आवाज ओळखला. आम्ही आत गेलो तेव्हा तो उशीला टेकून उठून बसला होता. महिन्याभरात प्रथमच, असे त्याची सून म्हणाली. दोघे म्हातारे तासभर बोलत होते, त्यातली चाळीस मिनिटे नव्या बुशांविषयी.

परतताना माढ्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर मी जोरात ब्रेक मारला. गाडीने नमस्कार केला नाही, नाक वर ठेवून उभी राहिली. मी मागे वळून विजयी मुद्रेने पाहिले.

"गाडी झकास झाली रे," अण्णा कंबर धरून म्हणाले. "आता चालवणाऱ्यालाही थोडे तेल घाल."