लॅपटॉपसाठी पॉवर बँक घेताय? एमएएच नंतर, आधी वॉट बघा

जून लागला की आमच्या बोईसरमध्ये लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथून जवळच, तारापूरला, १९६९ पासून आहे. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तारेवर फांदी पडून काळोख झाला की कुणीतरी ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतंच.

फोनचं कसंतरी निभतं. खरी पंचाईत लॅपटॉपची, आणि तीही नेमकी ऑनलाइन परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असतो तेव्हा. मला हमखास येणारा प्रश्न असा असतो: “दादा, ५०,००० एमएएचची स्वस्तात मिळतेय, घेऊ का?” मी उलट विचारतो, तुझ्या लॅपटॉपचा चार्जर किती वॉटचा आहे?

कारण लॅपटॉप चालेल की नाही हे वॉटवर ठरतं. चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार करा, ६५ वॉट. तेवढे वॉट पॉवर बँकेच्या एका टाइप-सी पोर्टमधून मिळायला हवेत, आणि ते पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी पद्धतीने. ‘२२.५ वॉट फास्ट चार्जिंग’वाली बँक फोनसाठी मस्त, पण लॅपटॉप तिला बहुतेक वेळा दाद देत नाही. पातळ, हलका लॅपटॉप ४५ वॉटवरही चालतो, थोडा हळू चार्ज होतो इतकंच. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी मात्र पॉवर बँकेच्या जिवावर गेम खेळायची आशा सोडलेली बरी.

आणखी एक गोष्ट दुकानात जायच्या आधी घरीच तपासा. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो त्यातून चार्ज होतोच असं नाही. काही स्वस्त मॉडेलमध्ये ते पोर्ट फक्त डेटासाठी असतं. मित्राचा टाइप-सी लॅपटॉप चार्जर दोन मिनिटं लावून बघा, लगेच कळेल. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपला ही साधी पॉवर बँक उपयोगाची नाही.

आता एमएएचकडे येऊ. हा आकडा आतल्या सेलचा असतो, साधारण ३.७ व्होल्टला मोजलेला. २०,००० एमएएच गुणिले ३.७, भागिले १,०००, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज वाढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे हातात साधारण ६० वॉट-अवर पडतात. म्हणून बऱ्याच बँकांच्या मागे ‘रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच’ असं ५ व्होल्टला मोजून छापलेलं असतं. ती फसवणूक नाही, उलट तोच कामाचा आकडा. ब्राउझर आणि वर्ड चालू असताना लॅपटॉप १५ वॉटच्या आसपास खात असेल, तर एवढ्यात साडेतीन-चार तास निघतात.

यात एक युक्ती आहे. लाइट गेल्यावर लॅपटॉप २० टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नका, बॅटरी भरलेली असतानाच बँक लावा. तेव्हा लॅपटॉप फक्त चालण्यापुरती वीज ओढतो. बॅटरी रिकामी असेल तर तो पूर्ण ६५ वॉट मागतो, बँक तापते आणि ऊर्जा जास्त वाया जाते. त्याच बँकेवर दुसऱ्या पोर्टला फोन लावलात तर वॉटची वाटणी होते, कधी लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतंही. परीक्षा चालू असेल तर फोन आधीच भरून ठेवा. वायफाय राउटर लाइटबरोबर बंद पडणार, म्हणजे इंटरनेटसाठीही फोनच लागणार आहे.

चार्ज करताना खरी गडबड होते. रात्री उशिरा लाइट येते, तुम्ही बँक फोनच्या जुन्या १० वॉटच्या चार्जरला लावून झोपता. ७४ वॉट-अवर भरायला त्या चार्जरला नऊ तासांच्या आसपास लागतात. सकाळी सातच्या डहाणू-विरार लोकलला पळताना बँक अर्धीमुर्धीच भरलेली असते. म्हणून घेताना आउटपुटइतकंच इनपुटही वाचा. ६५ वॉट इनपुट असेल तर लॅपटॉपच्याच चार्जरने दीड-दोन तासांत काम होतं. इनपुट १८ वॉटच असेल तर कितीही मोठा चार्जर लावा, पाच तास धरून चाला. केबलही बघा. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर म्हणजे ६० वॉटपर्यंतच जाते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. फोनच्या बॉक्समधली केबल लावून ‘बँक खराब आहे’ म्हणणारे मी पाहिलेत.

खरी-खोटी ओळखायला वजन कामाला येतं. २०,००० एमएएचचे चांगले सेलच २८० ग्रॅमच्या आसपास भरतात, वर सर्किट आणि कव्हर. त्यामुळे ‘५०,००० एमएएच’ लिहिलेली बँक पाव किलोची असेल तर ती सरळ परत ठेवा. भारतात पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागे ‘आर’पासून सुरू होणारा नंबर असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. नामांकित कंपनी म्हणजे डोळे मिटून विश्वास, असंही नाही. अँकरने जून २०२५ मध्ये आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेतून एका मॉडेलच्या अकरा लाखांहून अधिक बँका परत मागवल्या होत्या.

म्हणूनच चार्जिंगला लावलेली बँक गादीवर, उशीखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका. फरशीवर मोकळी ठेवा. फुगली असेल तर वापर तिथेच थांबवा आणि घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पावसाळा संपल्यावर बँक पडून राहणार असेल तर अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

विमानाने जाणारे असाल तर १०० वॉट-अवर ही मर्यादा लक्षात ठेवा, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. ३०,००० एमएएचची बँक १११ वॉट-अवर होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. छोटी असो की मोठी, ती केबिन बॅगेतच न्यायची, चेक-इन सामानात टाकायची नाही. मला विचाराल तर ६५ वॉट आउटपुट, तेवढंच किंवा जवळपासचं इनपुट आणि २०,००० एमएएच, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.