मिनी ट्रॅक्टर घेताय? 3 सिलेंडर की 4?

आमच्या द्राक्षबागेसाठी कर्ज काढून मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "चार सिलेंडरवालाच घे, ताकद जास्त." पण तसं नसतं.

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलेंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. म्हणजे 3 सिलेंडरमध्ये दर 240 अंशांनी, 4 मध्ये दर 180 अंशांनी. म्हणून 4 सिलेंडर कमी थरथरतं. 3 सिलेंडरमध्ये पार्ट कमी, इंजिनही आखूड.

ताकद मात्र एचपी आणि टॉर्क सांगतात. उदा. कुबोटा बी2741 मध्ये 3 सिलेंडर, 27 एचपी. एल4508 मध्ये 4 सिलेंडर, 45 एचपी.

फवारणीचा ब्लोअर पीटीओवर चालतो. त्याला किती पीटीओ एचपी लागतो ते आधी विचारा, दोन ओळींमधली जागा टेपने मोजा. आम्ही मोजली, आणि 3 सिलेंडरच घेतला!