नगरची आग आणि केटामीनची गोष्ट

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. सकाळी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पुढे निलंबनं झाली, एका डॉक्टरला आणि परिचारिकांना अटक झाली, चौकशी बसली. मी पुण्यात लॅपटॉपपुढे बसून गावाकडच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ बघत होतो. धुरात शिरून रुग्णांना बाहेर काढणारी माणसं त्यानंतर नीट झोपू शकली का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

सैनिकांच्या बाबतीत तो जगाला आधी पडला. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्सने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द वापरला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी लावून धरलं, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी हे नाव आलं. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दचकणं, झोप उडणं, त्या जागेकडे फिरकावंसं न वाटणं. आपलं नगर रणगाड्यांचं गाव. इथे सैनिकाचं दुखणं लोकांना कळतं. नर्सचं किंवा १०८ च्या डॉक्टरचं दुखणं मात्र 'त्यांचं कामच आहे ते' म्हणून सोडून दिलं जातं.

आता केटामीन. १९६२ मध्ये केल्विन स्टीव्हन्सने ते डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी बनवलं. १९६४ मध्ये एडवर्ड डोमिनोने ते मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांना देऊन पाहिलं. डोळे उघडे, पण माणूस भोवतालापासून तुटलेला. श्वास चालू राहतो, रक्तदाब सहसा कोसळत नाही. १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते व्हिएतनामच्या रणांगणावर पोचलं.

त्याच १९७० मध्ये आपल्या जिल्ह्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडचा आरोग्य प्रकल्प सुरू केला. भूलतज्ज्ञ नाही, मोठी यंत्रं नाहीत, अशा जगभरच्या खेड्यांत केटामीन सोयीचं ठरलं. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत ते आलं.

भूल देणारं हे औषध मनावरही काम करतं, हे पुढे दिसलं. २००० मध्ये येल विद्यापीठातल्या छोट्या प्रयोगात नैराश्याच्या रुग्णांना काही तासांत, काही दिवसांत बरं वाटलं. मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचा एक दरवाजा केटामीन अडवतं. त्यातून पेशींमधले कमजोर झालेले जोड पुन्हा धरू लागतात, असं मानलं जातं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲड्रियाना फेडर यांनी पीटीएसडीच्या ४१ रुग्णांवर अभ्यास केला. भुलेपेक्षा बऱ्याच कमी डोसाची एकच सलाईन, ४० मिनिटांची. दुसऱ्या दिवशी लक्षणं तुलनेच्या औषधापेक्षा जास्त उतरलेली होती.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सुखान्त झाली असती. पण २०२२ मध्ये अमेरिकी सैनिक आणि माजी सैनिकांवरच्या १५८ जणांच्या अभ्यासात पीटीएसडीवर ठळक फरक दिसला नाही. नैराश्य मात्र कमी झालं. आघात झाल्याझाल्या दिलेल्या केटामीनचाही असाच घोळ आहे. भाजलेल्या सैनिकांच्या २००८ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेवेळी केटामीन मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांपैकी ४६ टक्क्यांना. याच्या उलट, अपघातग्रस्तांच्या एका जर्मन अभ्यासात ते मिळालेल्यांची लक्षणं जास्त होती. म्हणजे आशा आहे, खात्री नाही. आजही पहिला उपचार म्हणजे आघातावर नेमकं काम करणारी समुपदेशनाची पद्धत आणि नेहमीची औषधं.

शिवाय केटामीनची नशा होते. म्हणून भारतात २०१३ च्या अखेरीस ते शेड्यूल एक्समध्ये गेलं. त्याच्या साठ्याचा आणि विक्रीचा हिशेब द्यावा लागतो. घरी, मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची ही गोष्ट नाही.

पण औषध कोणतं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की दुखणं आहे हे मान्य कोण करतं? २०१४ पासून १०८ ची गाडी आपल्या रस्त्यांवर धावते. अपघाताचा रुग्ण उतरवला की गाडी धुतली जाते, पुढचा कॉल येतो. आतल्या माणसांना कुणी काही विचारत नाही. ११ जणांच्या मृत्यूची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या दिवशी वॉर्डात असलेल्यांची विचारपूसही चौकशीइतकीच गरजेची होती.

तुमच्या घरात कुणी नर्स, ॲम्ब्युलन्सचालक किंवा अग्निशमन जवान असेल, तर आज रात्री जेवताना विचारा, झोप लागते का. लागत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.