दिनदर्शिकेवरचे दोन डाग

गुन्हा घडलेल्या जागेवर कशालाही हात लावायचा नाही, हे आज विद्यार्थीही सांगतात. तसे का, हे समजण्यासाठी आपण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक खटला पाहू.

भूतानच्या सीमेजवळच्या जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. पेटी व तिजोरी उचकटून पैसे नेलेले होते. संशय अनेकांवर होता. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. ते कबुतराचे, असे तो सांगे.

पेटीतल्या कागदांत बंगाली दिनदर्शिकेची पुस्तिका होती. तिच्या फिकट निळ्या मुखपृष्ठावर दोन पुसट तपकिरी डाग होते. पुस्तिका जपून कलकत्त्याला पाठवली गेली. तेथे १८९७ साली बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला होता. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. भिंगाखाली एका डागात बोटाच्या रेषा दिसल्या. कांगाली चरण हा व्यवस्थापकाचा जुना नोकर पूर्वी चोरीबद्दल तुरुंगात गेल्यामुळे त्याचे ठसे दप्तरी होते. त्याच्या उजव्या अंगठ्याशी त्या रेषा जुळल्या.

डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे ठरले. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, सस्तन प्राण्यांच्या पेशींत नसते. मात्र रक्त माणसाचे की बकऱ्याचे, हे तेव्हा सांगता येत नव्हते. ती चाचणी जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी १९०१ साली शोधली.

१८९८ साली निकाल लागला. चोरी सिद्ध झाली. खून करताना कोणी पाहिले नव्हते, म्हणून त्या आरोपातून चरण सुटला. या बोटाचा या पुस्तिकेला स्पर्श झाला, एवढेच ठसा सांगत होता. सुरी कोणी चालवली, हे तो सांगत नव्हता.

म्हणूनच जागेचा पंचनामा महत्त्वाचा. वस्तू कोठे, कशी पडली होती, हे आधी लिहायचे, आराखडा काढायचा, मगच ती उचलायची. ऑस्ट्रियाचे हान्स ग्रोस यांनी १८९३ सालच्या ग्रंथात याच शिस्तीचा आग्रह धरला होता. एकदा हलवलेली वस्तू पुन्हा जागेवर ठेवली, तरी पहिली साक्ष परत येत नाही.

वर्गात हा खटला सांगून मुलांना दोन रकाने करायला लावावेत : ‘काय दिसले’ आणि ‘त्यावरून काय मानले’. कोणते वाक्य कोठे जाते, यावर होणारा वाद आम्हांला धड्याइतकाच मोलाचा वाटतो. न्यायालयाला हाच फरक करावा लागला होता, आणि त्यावर एका माणसाचा जीव अवलंबून होता.