छडीमागचा माणूस : झुबिन मेहता

कंडक्टर म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बेस्टच्या बसमधली घंटीची दोरी येते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कंडक्टर, म्हणजे संचालक, आपल्या संगीतपरंपरेला तसा परकाच. आपल्या मैफलीत लय तबलजी सांभाळतो आणि गायक व साथीदार एकमेकांकडे पाहत पुढची वाट ठरवतात. लालबाग-परळच्या लेझीम पथकापुढे शिट्टी घेऊन चालणारा म्होरक्या हाच काय तो त्याचा जवळचा नातलग. शंभरेक वादकांपुढे उभा राहणारा संचालक स्वतः एकही स्वर वाजवत नाही. मग तो नेमके करतो काय? या प्रश्नाचे उत्तर याच शहरात जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या कारकिर्दीत सापडते.

झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. त्या वाद्यवृंदात पारशी होते, गोवेकर ख्रिस्ती होते आणि नाझी राजवटीतून निसटून आलेले युरोपीय ज्यूही होते. गोवेकर वादकांपैकी अनेकांचे पोट हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर चाले. अशी मंडळी जमवायची, सांभाळायची आणि त्यांच्याकडून बीथोव्हन वाजवून घ्यायचा, ही मेहली यांची रोजची कसरत झुबिन लहानपणापासून पाहत होते. वाद्यवृंद म्हणजे आधी माणसे आणि मग वाद्ये, हा धडा त्यांना घरीच मिळाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी सुरू केली खरी, पण मन रमले नाही. १९५४ मध्ये त्यांनी व्हिएन्ना गाठले.

तेथे हान्स स्वारोव्स्की हे गुरू लाभले. रचनेचा सांगाडा आधी समजून घ्या, हातवारे कमीत कमी ठेवा, ही त्यांची शिस्त. संचालकापुढील स्वरलिपीत वीस-पंचवीस वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. त्या साऱ्या त्याला मनातल्या मनात एकाच वेळी ऐकू याव्या लागतात. उजव्या हातातील छडी लय दाखवते, तर डावा हात कोणी केव्हा यायचे, कोणी आवाज दबता ठेवायचा हे सुचवतो. खरे काम मात्र तालमीत होते. प्रयोगाच्या वेळी उरते ती आठवण करून देणारी नजर. मेहता डबल बासही शिकले. या वाद्याची जागा वाद्यवृंदाच्या कडेला आणि काम साऱ्या स्वरांना तळातून आधार देण्याचे. थोर संचालकांच्या तालमी पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो चक्क समूहगायकांत सामील झाले होते. पुढे मेहता पाठांतरासाठी नावाजले गेले. समोर पोथी नसली की नजर वादकांवर राहते, हा त्याचा खरा लाभ.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६१ मध्ये मॉन्ट्रियल आणि १९६२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे आली. या तरुणाची नेमणूक आपल्याला न विचारता झाली, म्हणून जॉर्ज शोल्टी यांच्यासारख्या दिग्गजाने लॉस एंजेलिसचे नियोजित पद सोडले होते. यशाबरोबर जीभही सैल सुटली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांविषयी १९६७ मध्ये केलेल्या शेरेबाजीबद्दल त्यांना माफी मागावी लागली. गंमत अशी, की १९७८ मध्ये त्याच वाद्यवृंदाचे ते संगीत संचालक झाले आणि तेरा वर्षे टिकले. तेथील समीक्षक मात्र त्यांच्यावर फारसे प्रसन्न नव्हते. भपका अधिक आणि खोली कमी, हा आक्षेप त्यांचा पाठलाग करत राहिला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली माहलरची दुसरी सिम्फनी ऐकली, की हा आक्षेप सरसकट मान्य करणे कठीण जाते.

त्यांच्या स्वभावाची खरी कसोटी लागली ती इस्रायल फिलहार्मोनिकमध्ये. १९६१ मध्ये जुळलेले हे नाते २०१९ मधील निवृत्तीपर्यंत टिकले. १९६७ च्या युद्धात आणि १९९१ च्या आखाती युद्धातही ते तेथे धावून गेले. १९९१ मध्ये जेरुसलेमच्या सभागृहात धोक्याचा भोंगा वाजला, वाद्यवृंद आत गेला आणि आयझॅक स्टर्न यांनी वायुरोधक मुखवटे चढवलेल्या श्रोत्यांपुढे एकट्याने बाख वाजवला, त्या मैफलीचे संचालक मेहताच होते. १९८१ मध्ये मात्र हीच निर्भयता हट्टाच्या वाटेने गेली. तेल अवीवमध्ये त्यांनी वाग्नर वाजवायला घेतला. ऐकायचे नसेल त्यांनी निघून जावे, असे आधी सांगितले होते. तरीही छळछावणीतून वाचलेल्या एका गृहस्थाने मंचापाशी येऊन अंगावरचे व्रण दाखवले. संगीत श्रेष्ठ असले, तरी ऐकणाऱ्याच्या जखमेपुढे संचालकाची छडी चालत नाही, हे त्या रात्री दिसले.

१९९४ मध्ये साराएव्होतील जळालेल्या ग्रंथालयात त्यांनी मोझार्टचे ‘रेक्विएम’ सादर केले. ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालीमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा आणि काश्मिरी वादक त्यांच्या छडीखाली एकत्र आले. निमंत्रितांपुरत्या त्या मैफलीला खोऱ्यात विरोध झाला, बंद पाळला गेला. पुढची मैफल सर्वांसाठी व्हावी, अशी इच्छा मेहता यांनी बोलून दाखवली.

परदेशात हयात घालवूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. १९६६ मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये पद्मविभूषण त्यांना लाभले. वडिलांच्या नावाचे मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुंबईतील मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, आणि २०२३ मध्ये मेहता यांनी त्याचे संचालन केले. या वाद्यवृंदाला आजही प्रत्येक हंगामात अनेक वादक परदेशातून बोलवावे लागतात. मेहली यांनी १९३५ मध्ये जी जमवाजमव आरंभली, ती त्यांच्या शहरात अजून संपलेली नाही.